आधी घाई नको, मग उशीर नको

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि त्याचे धोके या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. कोल्हापुरात हा विषय? आपल्याकडे मटण कसं शिजतं ते घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते पाण्यात चांगलं मऊ होईपर्यंत शिजवायचं. त्या आळणी पाण्याचा पांढरा रस्सा, चटणी घालून तांबडा, आणि फोडी सुक्याला. कच्चं मांस आवडीनं खाणारा माणूस अख्ख्या शहरात शोधून सापडायचा नाही.

मग आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली आणि हसू थांबलं. ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वीचा आखाडातला रविवार. मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. घरी चौदा माणसं जेवायला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सकाळीच मटणाचं पातेलं चढवलं होतं. मुलांसाठी तव्यावर थोडं चिकन करावं, ही माझी हौस. थोरल्या वन्सं माळकरी, नुकत्याच पंढरपूरहून आलेल्या. त्यांचा वरण-भात वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या शेगडीवर केला. कोशिंबीर मात्र सगळ्यांना एकच.

चिकनचे तुकडे ज्या लाकडी फळीवर केले तीच फळी मी नळाखाली धरली, सुरी फडक्याला पुसली आणि काकडी चिरायला घेतली. बाहेर ताटं मांडून झाली होती. मला घाई होती.

सोमवारी संध्याकाळपासून एकेक जण आडवा झाला. ताप, पोटात मुरडा, जुलाब. मंगळवारी सकाळपर्यंत पाच जण. त्यांत माझा सहा वर्षांचा पुतण्या. त्याचे डोळे खोल गेले, लघवी होईना, तेव्हा दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. तीन दिवस तो तिथं होता. हाक मारली की नुसता डोळे उघडून बघायचा.

घरात एकच चर्चा, मटण बाधलं. कुणी म्हणालं, दुकानदारानं शिळं दिलं. कुणी आत्याबाईंकडे बघितलं. पण हिशेब जुळेना. मामंजींनी मटण दोनदा मागून घेतलं होतं आणि ते ठणठणीत होते. कोशिंबिरीला ते कधी हात लावत नाहीत. उलट वन्सं, ज्यांनी वरण-भात आणि कोशिंबीर एवढंच खाल्लं, त्या अंथरुणाला खिळलेल्या. आजारी पडलेल्या पाचही जणांच्या ताटात कोशिंबीर होती. पुतण्याच्या शौचाच्या तपासणीत साल्मोनेला हा जिवाणू निघाला, तेव्हा मला सगळं उमगलं. तीस वर्षांत मांसाला हात न लावलेली बाई माझ्या फळीवरच्या कोंबडीच्या जंतूंनी आजारी पडली होती. वर्गात हाच धडा मी दर वर्षी शिकवत होते.

श्रोतेहो, कच्चं मांस आपण खात नाही, पण ते आपल्या ताटापर्यंत असं येतं. सुरीवरून, फळीवरून, ओल्या फडक्यावरून, हातावरून.

हे जंतू येतात कुठून? साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलायचे काही प्रकार हे जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या आतड्यांत राहतात. जनावर धडधाकट दिसत असलं तरी ते असू शकतात. कापताना, सोलताना, आतडी काढताना ते मांसाच्या पृष्ठभागावर लागतात. दिसत नाहीत, बहुतेक वेळा वासही येत नाही. म्हणजे 'ताजं आहे, वास नाही' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

अखंड तुकड्यात हे जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात. खिम्याचं तसं नाही. यंत्रातून निघताना बाहेरचं सगळं आत जातं. १९९३ साली अमेरिकेत एका साखळी हॉटेलातले अर्धवट भाजलेले खिम्याचे बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. ई. कोलायचा एक घातक प्रकार त्या खिम्यात होता. आपल्याकडे आता कबाब, टिक्की, बर्गर घरोघरी होतात. खिमा आतपर्यंत शिजला आहे ना, हे मोडून बघायलाच हवं.

आता आपल्या आळणीकडे वळू. आमच्या आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मटणाला शिजताना घाई चालत न्हाई, आणि शिजल्यावर उशीर चालत न्हाई." माझ्या विषयाच्या जाडजूड पुस्तकांचं सार यात आलं.

आधी घाईचं बघू. मांसाच्या मधल्या भागाचं तापमान सुमारे ७४ अंश सेल्सिअसवर गेलं की हे नेहमीचे जंतू मरतात. आळणी तासभर खदखदते, तिथलं पाणी शंभर अंशांच्या आसपास असतं. कुकरमध्ये तर त्याहून जास्त. त्यामुळे आपलं पारंपरिक मटण या बाबतीत भक्कम आहे. अडचण आहे ती नव्या घाईत. फ्रीजरमधून काढलेली, आतून बर्फ असलेली तंगडी थेट तव्यावर किंवा कोळशावर जाते. बाहेरून करपते, आत हाडाजवळ कच्ची राहते. वर मसाल्याचा लाल रंग, त्यामुळे आतलं कळत नाही. पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या वाटेवर भर पावसात, ओल्या लाकडांवर केलेली पार्टी आठवा. अंधारात कुणी काय बघितलेलं असतं?

नुसत्या रंगावरून निदान करू नका. कोवळ्या कोंबडीचं हाड शिजल्यावरही काळपट-लाल दिसू शकतं, आणि कधी पांढरं दिसणारं मांस आतून पुरेसं तापलेलं नसतं. खात्रीचा मार्ग स्वयंपाकाच्या थर्मामीटरचा, तो आता सहज मिळतो. नसेल तर सगळ्यात जाड तुकडा सांध्यापाशी उघडून बघा. आत वाफ निघायला हवी, पाणी गढूळ-गुलाबी नसावं, मांस हाडापासून सुटायला हवं. गोठवलेलं मांस आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. ओट्यावर दिवसभर ठेवू नका. ज्या दह्या-मसाल्यात चिकन मुरवलं ते उरलेलं दही शिजलेल्या तुकड्यांवर ओतू नका.

चिकन धुवावं की नाही, हा प्रश्न बायका नेहमी विचारतात. शास्त्र सांगतं, धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट तुषार ओट्यावर उडतात. पण न धुता शिजवायला आपलं मन घेत नाही, हेही मला कळतं. मग निदान धारेखाली धरू नका. पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा, कोथिंबीर-कांद्याची भांडी आधी दूर करा, आणि नंतर सिंक व हात साबणानं स्वच्छ करा.

हा आजार नेहमी जुलाबावर थांबतो असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पोटाचा त्रास बरा झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतलं बळ जातं, असा हा आजार. पुण्यात मुख्य संशय पाण्यावर होता. पण हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांत नेहमी आढळतो, म्हणून पाणी उकळून प्या आणि चिकन पूर्ण शिजवून खा, या दोन्ही सूचना तेव्हा दिल्या गेल्या. असं फार क्वचित घडतं, घाबरायचं कारण नाही. पण 'पोट बिघडलं, होईल बरं' म्हणताना हे लक्षात असू द्यावं.

याच्या उलटं टोकही आपण पाहिलं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि राज्यभर लोकांनी चिकन सोडलं. पोल्ट्रीवाले कर्जात बुडाले. वास्तविक तो विषाणू ७० अंशांच्या उष्णतेत मरतो. भीतीनं ताट बाजूला सारायचं आणि महिन्याभरात पुन्हा त्याच फळीवर काकडी चिरायची, यात शहाणपण नाही.

आता उशिराचं. शिजवलं म्हणजे काम संपलं, हा आपला मोठा गैरसमज. काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. रस्सा हळूहळू कोमट होत गेला की ते जागे होतात आणि झपाट्यानं वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यांतला एक. गावजत्रेची मोठी पातेली डोळ्यांपुढे आणा. पहाटे शिजलेलं मटण, घट्ट झाकण, वर पंगतीमागून पंगत. इतकं मोठं पातेलं आतून तासन् तास कोमट राहतं, आणि हेच या जंतूला हवं असतं. अन्न एकतर ६० अंशांच्या वर, म्हणजे चटका बसेल इतकं गरम राहू द्या, नाहीतर फ्रीजमध्ये पाच अंशांखाली. मधली कोमट अवस्था दोन तासांपेक्षा जास्त नको.

दुसऱ्या दिवशीचा मुरलेला रस्सा आणि भाकरी हे सुख मी हिरावून घेत नाही. मीही खाते. फक्त जेवणं आटोपली की रस्सा पसरट, उथळ भांड्यांत काढा, वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नुसता कोमट न करता खळखळून उकळा. रात्रभर ओट्यावर राहिलेला मात्र टाकून द्या. काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही.

या कोल्हापुरात आणखी एक बोलायला हवं, थोडं जपून. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिणं हा आपला अभिमान आहे. तालमीतली पोरं दुधात कच्ची अंडी फेटून पितात. ताकद दूध-अंड्यांत आहे हे खरंच, पण ती कच्चेपणात नाही. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय आणि हाच कॅम्पिलोबॅक्टर येऊ शकतो, कच्च्या अंड्यातून साल्मोनेला. उकडलेल्या अंड्यातली प्रथिनं तर शरीराला जास्त चांगली लागतात. पैलवानाला एखादे वेळी काही होणार नाही, पण तोच पेला गरोदर सुनेला, तान्ह्या नातवाला, साखरेच्या आजाराच्या आजोबांना देऊ नका. या लोकांना त्रास लवकर होतो आणि जास्त होतो.

२०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आपल्या शहरात आंदोलन झालं. दर विचारायचा आपला हक्क आहेच. त्याच तोंडानं आणखी चार प्रश्न विचारावेत. बकरं कधी कापलं? मांस उघड्यावर माश्यांत का टांगलंय? ठोकळा कधी घासला? अन्न परवाना कुठं लावलाय? गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकान बदलतं.

आणि एवढं करूनही पोट बिघडलंच, तर जलसंजीवनी किंवा मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, यांतलं काही दिसलं तर डॉक्टर गाठा. मनानं अँटिबायोटिक घेऊ नका.

पुतण्या बरा होऊन घरी आला त्या संध्याकाळी मी वन्संच्या खोलीत गेले. फळीचं सगळं खरं खरं सांगितलं. त्यांचं तीस वर्षांचं व्रत माझ्या हातून मोडलं होतं, त्या बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगं वाचलं, बास झालं. आता सुरी तेवढी येगळी कर."

तेव्हापासून आमच्या घरात दोन फळ्या, दोन सुऱ्या आहेत. मांसाच्या फळीच्या मुठीला लाल दोरा बांधलाय. तो पुतण्या आता स्वतः मटण करतो, आणि कांदा चिरण्याआधी दोरा बघतो. तुमच्याही घरात आजच असा एक दोरा बांधा, एवढंच सांगते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)