दोन मोर आणि एक हरीण

जुनागडहून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तिच्यावर आपले चौदा लेख ब्राह्मी लिपीत कोरविले. कलिंगाच्या युद्धाने ज्याचे मन पालटले तो राजा, एवढी अशोकाची ओळख शाळकरी मुलांनाही असते. परंतु मन पालटल्यावर दररोज वागावे कसे, हा प्रश्न अधिक बिकट. आणि त्याचे उत्तर या शिळेवरील पहिल्याच लेखात सापडते. तो लेख आहे राजाच्या मुदपाकखान्याविषयी.

पूर्वी या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात, असे तो सांगतो. या आकड्यात दरबारी अतिशयोक्ती असेल, ती सोडून द्यावी. पुढचा आकडा मात्र इतका लहान आहे की त्यावर विश्वास ठेवावाच लागतो. लेख कोरला जात असता तेथे तीनच प्राणी मारले जात होते : दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नित्य नव्हे. यापुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत, असे वचन अखेरीस आहे. एखाद्या स्तुतिपाठकाने हे तीन जीव खुशाल गाळले असते. अशोकाने ते दगडावर नोंदविले. आपली दया कोठवर पोचली आणि कोठे अडली, याचा हिशेब प्रजेपुढे मांडणारा सत्ताधीश विरळाच.

दुसऱ्या लेखात माणसांची आणि पशूंची अशी दुहेरी चिकित्सा सांगितली आहे. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या. वाटांवर विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि ती पशूंसाठी व माणसांसाठी म्हणून. वाटसरूबरोबर त्याचा बैलही तहानेला असतो, हे राजाज्ञेत यावे यातच सारे आले.

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरचा स्तंभलेख याहून बारकाईचा आहे. पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ यांना अभय. गाभण वा पाजत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि त्यांची सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. विनाकारण रान पेटवू नये. ज्या भुसात जीव आहेत ते भूस जाळू नये. खळ्यावरच्या भुसातील किड्यांपर्यंत ज्याची नजर गेली, त्याची करुणा केवळ सभेतील नव्हती.

तरीही त्याच्या राज्यात देहान्त शिक्षा उरलीच. दंडितास तीन दिवसांची मुदत मिळे, इतकेच. अभ्यासकाने हे झाकू नये. अशोकानेही झाकलेले नाही. उलट, पुढच्याच वर्षीच्या लेखात तो म्हणतो की धर्माची वाढ नियमांनी थोडी होते, मन वळविण्याने पुष्कळ होते. हुकूम सोडणे ज्याच्या हाती होते, त्याचा हा अनुभव आहे.

महाराष्ट्रात वसईजवळील सोपारा येथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एक फुटका शिलाखंड मिळाला. चौदांपैकी आठव्या लेखाचा तो तुकडा होता. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रेला निघत. त्याऐवजी अशोक वृद्धांच्या आणि खेड्यापाड्यांतील लोकांच्या भेटीला जाऊ लागला, हा त्या लेखाचा विषय.