लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं घेतली

आज कर्ज-व्याजाचं काही नाही, एका पुस्तकाबद्दल सांगायचंय.

आमच्या गटात हप्ते जमले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की एकजण वाचते आणि बाकीच्या ऐकतात. यंदा वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आणलं. ‘ख्रिस्ती बाईचं पुस्तक कशाला? घरी काय म्हणतील?’ असं दोघी-तिघी म्हणाल्याच. ठरलं, दहा पानं ऐकू, नाही पटलं तर परत करू. दहा पानांतच सगळ्या हसायला लागल्या. बाईंचं बोलणं तसंच आहे, ओट्यावर बसून सांगितल्यासारखं.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही. लिहा-वाचायला शिकवलं नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी. त्याच नवऱ्यानं १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरात लहान मुलगा, आणि बाईंवर आभाळच कोसळलं.

आपल्याकडे घरधन्यानं ठरवलं की बाईचंही ठरलं, मग ते कर्ज असो की लेकीचं लग्न. लक्ष्मीबाईंचं तसं झालं नाही. त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, जात देवानं केली की माणसानं? माणसानं केली, असं त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली.

हा भाग वाचल्यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. धर्म बदलण्याचा विषय नव्हताच, विषय पाण्याच्या तांब्याचा होता. शेवटी ठरलं, पुढची बैठक खालच्या वस्तीतल्या ताईंच्या अंगणात, चहासुद्धा तिथलाच. तेरापैकी नऊजणी आल्या. चौघींनी कामं सांगितली. त्यांना कुणी टोचून बोललं नाही, तेही बरंच झालं.

आणि आपल्या खान्देशाचं एक. धरणगावचे बालकवी ठोंबरे लक्ष्मीबाईंच्या घरी लेकरासारखे राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांचं नाव झालं, १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली ते गेले. पुस्तकात ते भेटतात, खोडकर, रुसणारे.

तालुक्याच्या वाचनालयात विचारा, बहुधा मिळेल. आमचं अजून निम्मं बाकी आहे. येत्या बुधवारी वाचायची पाळी त्या चौघींपैकी एकीची आहे.