चिपट्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी भिवंडी तालुक्यातल्या दापोडे गावी राहतो. गावाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण तुमच्या घरातला एखादा मिक्सर किंवा साबणाचा खोका दापोड्याच्या गोदामात चार दिवस मुक्काम करून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरं होती. आता पत्र्याची गोदामं आहेत. त्यांपैकी एकात मी बावीस वर्षं स्टॉक रजिस्टर लिहितो आहे. लोक मला कवी म्हणून बोलावतात, पण घर चालतं ते रजिस्टरवर.

गोदामात पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतात. ज्या मालाची नोंद नाही, तो माल असून नसल्यासारखा. आणि जो माल वर्षभर हलला नाही, तो बाजूला काढायचा. कारण तो जागा खातो आणि जागेला भाडं असतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. रंगारी म्हणाला, फडताळ रिकामं करा. बायको वरच्या कप्प्यातून एकेक वस्तू खाली देऊ लागली, तेव्हा कळलं की आमच्या घरात खाण्यापेक्षा खाण्याविषयीचा मजकूर जास्त आहे. पाककृतींची सव्वीस पुस्तकं. तीन पिशव्या भरून वर्तमानपत्रांची कात्रणं. मसाल्याच्या पाकिटांच्या पाठी. मायक्रोवेव्ह कधीच भंगारात गेला होता, त्याच्यासोबत आलेली पुस्तिका मात्र शाबूत. शिवाय काही वह्या.

"हे माझ्यावर सोपव," मी म्हणालो. बायको काही बोलली नाही, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पुस्तकांचं काम सोपं निघालं. एक युक्ती सापडली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. पुस्तक उघडायचं आणि डाग शोधायचे. ज्या पानावर हळद आहे, तेलाचा ठसा आहे, ते पान घरात चालतं. जे पुस्तक दहा वर्षांनंतरही कोरं करकरीत आहे, ते खुशाल वाचनालयाला द्यावं. सव्वीसांपैकी सात पुस्तकांना डाग होते. सर्वांत मळलेलं अर्थातच कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. बायकोला ते लग्नात मिळालं होतं. आमच्या घरी मटण शिजतं, ईदला शीरखुर्मा होतो. पण पुरणपोळी आणि अळूवडी बायको 'रुचिरा'वरूनच शिकली. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने मोठं काम काय केलं असेल, तर वाटी आणि चमचा हे माप धरलं. वजनकाटा नसलेल्या घरात वाटी असतेच.

कात्रणांपैकी बहुतेक पिवळी पडली होती. वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी केलेलाच नसतो, त्यातलं आम्लच त्याला खातं. काही कात्रणं कणकेच्या खळीने वहीत चिकटवलेली होती, तिथे कसर लागली होती. जी खरोखर लागतात, ती बायकोने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. मग मी एक रजिस्टर आखलं. पदार्थ, कुठल्या पुस्तकात, कोणतं पान, आणि चौथा रकाना, घरात कोण करतं. हा चौथा रकाना फार बोलका निघाला. माझं नाव त्यात एकदाच आलं, चहापुढे.

उरलेल्या वह्या चाळल्या. त्यांत एक लांबोडकी, वाण्याच्या खात्यासारखी वही होती. अम्मीची. आत उर्दू अक्षर आणि मधूनच आकडे. अम्मी २०११ साली गेली. ती भिशी चालवायची, तेव्हा मी धरून चाललो की हा भिशीचाच हिशेब. तिचे सगळे व्यवहार कधीच मिटलेले. मी ती वही रद्दीच्या गठ्ठ्यात घातली आणि सुतळी बांधली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझी आपा भिवंडीत उर्दू शाळेत शिकली. मला मात्र वडिलांनी जवळच्या मराठी शाळेत घातलं, कारण ती चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्या चालण्याच्या अंतराने मला मराठीत कवी केलं आणि पुढे मराठी घेऊन बी. ए. केलं. कुराण मी लहानपणी पढलो आहे, त्यामुळे अक्षरं ओळखतो. पण तिथे प्रत्येक अक्षराला जेर-जबर असतात, म्हणजे स्वर दाखवणाऱ्या खुणा. अम्मीच्या घाईच्या अक्षरात त्यांचा पत्ता नव्हता. थोडक्यात, आईचं हस्ताक्षर मला वाचता येत नाही. हे मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो.

रद्दीवाला येण्याच्या आदल्या दिवशी आपाची मुलगी आली. ती उर्दू शाळेत शिकवते. गठ्ठ्यातून डोकावणारी वही तिने ओढली, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "मामू, यात भिशी कुठाय? हे तर खाण्याचं काहीतरी आहे."

मी सुतळी सोडली.

पण पुढे ती अडली. "एक चपट तांदूळ," तिने वाचलं. "चपटे तांदूळ म्हणजे पोहे का, मामू?" मी हसलो आणि लगेच गप्प झालो. चपट नव्हे, चिपटं! उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा गाळतात. 'चपट' लिहिलं की ते चिपट आहे की चुपट, हे वाचणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने देशात किलो-ग्रॅम आणले, पण अम्मीच्या तांदळाच्या डब्यात शेवटपर्यंत चिपटंच होतं.

तिथून पुढे आमची दोघांची शाळा भरली. भाची आवाज करायची, मी अर्थ लावायचा. तिने 'रोवली' वाचलं, मी म्हणालो रोवळी, तांदूळ धुवायची बांबूची टोपली. उर्दूत ळ नाही, ण नाही. म्हणून आधणाचं 'आधन' झालेलं, नारळाचं 'नारल'. लिपी उर्दू होती. पण बोली आमच्या घरातली, कोकणी वळणाची मराठी. भाचीला अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. माझं उलटं. आम्हा दोघांपैकी एकटं कुणीही ती वही वाचू शकलं नसतं.

तीन शुक्रवार लागले. चौदा पदार्थ निघाले. मोहरमचा खिचडा, अखनी, सुकट घालून वांगी, आणि सांदण. सांदण म्हणजे जाडसर वाटलेल्या तांदळात नारळाचं दूध घालून, पीठ रात्रभर आंबवून वाटीत उकडलेली वडी. इडलीची चुलतबहीण म्हणा, पण गोडसर. अम्मीची कृती सगळी मिळून पाच ओळींची. किती वेळ उकडायचं ते नाही. शेवटी भाचीने वाचलं, "वास आला की उतरव." कसला वास, ते लिहिलेलं नाही. आपाला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तो आला की कळतो."

एका पानावर मात्र दोघंही हरलो. 'पातेली चार, परात दोन, डाव एक', आणि खाली तीन नावं. हा कुठला पदार्थ? आपाला फोनवरच वाचून दाखवलं. ती इतकी हसली, की भाचीने फोन कानापासून लांब धरला. कुणाच्या तरी लग्नात उसनी दिलेली भांडी होती ती. "दोन पराती अजून आल्या नाहीत," आपा म्हणाली.

कृती रजिस्टरात चढवताना प्रश्न आला मापाचा. सुनेला चिपटं काय कळणार? आणि खरं सांगायचं तर किती तांदूळ म्हणजे चिपटं, हे मलाही नेमकं सांगता येईना. मग आठवलं. अम्मीचं चिपटं घरातच होतं. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर. ती गेल्यावर मी ते आठवण म्हणून उचललं होतं आणि त्यात पेनं ठेवत होतो.

पेनं काढली. तळाशी शाईचा डाग होता, तो चिंचेने घासला. तांदूळ शिगोशीग भरले, बोटाने सारखे केले आणि बायकोच्या वाटीने मोजले. दीड वाटीला जरा कमी. तसं रजिस्टरात लिहिलं.

पहिल्या खेपेला सांदण फुगलं नाही. दुसऱ्या खेपेला सुनेने पीठ उबेला ठेवलं, ते बरं जमलं. वास आला का, असं मी तीनदा विचारलं. बायकोने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं. चिपटं आता तांदळाच्या डब्यात आहे. माझी पेनं मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत उभी आहेत, आणि रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात सांदणापुढे सुनेचं नाव लिहून झालं आहे.