दुरुस्तीनंतरची नादुरुस्ती

(नभोवाणीवरील भाषण)

पेडणे तालुक्यातील मांद्रे हे गाव समुद्राला लागून आहे. जुनसवाडा, आश्वे, आस्कावाडा या त्याच्या वाड्यांवर बारा महिने खारा वारा वाहतो आणि जूनपासून पुढे चार महिने पाऊस कोसळतो. अशा हवेत लोखंड फार दिवस सुखाने नांदत नाही. पावसाळ्यात अंगणात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते, वायरींच्या जोडांना गंज चढतो, आणि उबेसाठी आत शिरलेले उंदीर वायरीच कुरतडून ठेवतात. इकडे दसरा जवळ आला की पर्यटकांचा हंगाम तोंडावर येतो. भाड्याची गाडी चालविणाऱ्याची वर्षाची मिळकत त्या सात-आठ महिन्यांवरच अवलंबून असते. म्हापशाच्या गॅरेजांत तेव्हा गर्दी उसळते आणि मजुरीचा खर्चही डोईजड वाटू लागतो. मग पुष्कळजण स्वतःच पाना हाती घेतात.

यात कमीपणा काहीच नाही. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास ज्या बाईंनी केला, त्यांनी हेच केले होते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला न सांगता, त्याने तयार केलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाने वेढले. ब्रेक झिजले, त्यांवर चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. जो दोष दिसला त्यापुरताच उपाय, आणि उपाय झाला की पुढचा प्रवास, अशी त्यांची रीत होती. हौशी दुरुस्ती करणाऱ्याने त्यांच्याकडून धाडस तर घ्यावेच, परंतु ही रीत आधी घ्यावी.

कारण पुष्कळदा घडते ते निराळेच. काम संपते, हात धुऊन होतात, किल्ली फिरविली जाते, आणि काल जी गाडी जेमतेम का होईना चालत होती ती आज थरथरू लागते, खोकते, किंवा मुळी सुरूच होत नाही. अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, यंत्राचा दुसराच कोणता तरी भाग नेमका आज बिघडला. आपण केलेले काम बरोबरच आहे, अशी त्याची खात्री असते. येथेच त्याची वाट चुकते. दुरुस्तीनंतर लगेच उद्‌भवलेला दोष बहुधा दुरुस्तीच्या जागीच असतो. जो भाग काल चालत होता आणि ज्याला कोणी हात लावला नाही, तो त्याच घटकेला बिघडण्याचा संभव थोडा. जो भाग सोडवून पुन्हा बसविला, त्यात उणे राहण्याचा संभव पुष्कळ. म्हणून शोधाचा पहिला नियम असा की, जेथे हात लागला तेथे आधी पाहावे. आणि त्याच्या शेजारी, जेथे कोपराचा किंवा पान्याचा धक्का लागला असेल तेथे नंतर.

उदाहरणादाखल एक गाडी डोळ्यांसमोर आणू. १९८३ साली रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८०० अजूनही गावागावांतून दिसते. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे आहे. समजा, जुन्या, कार्ब्युरेटरच्या अशा एका गाडीच्या मालकाने स्पार्क प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला आणि इंजिनाचे तेल बदलले. गाडी सुरू झाली, पण बॉनेट थडथडू लागले आणि चढावर दम राहिला नाही. मालकाने ठरविले की पेट्रोलच खराब आहे. त्याने टाकी रिकामी केली. गुण आला नाही, म्हणून कार्ब्युरेटर उघडला. तरीही गुण नाही, म्हणून डिस्ट्रिब्यूटर सैल करून फिरविला. आता हिशेब पाहा. आरंभी संशयाच्या जागा तीन होत्या. संध्याकाळी त्या सहा झाल्या, आणि मूळ दोष शेवटी सापडला तरी नव्याने निर्माण झालेले दोष त्याला झाकून टाकणार. वास्तविक दोष इतकाच असावा की, एका प्लगवरची रबरी टोपी पुरती आत बसली नव्हती, आणि गाडी तीनऐवजी दोनच सिलिंडरांवर चालत होती.

त्याच प्लगांच्या वायरींची अदलाबदल झाली असती तर लक्षण बदलले असते. या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, दोन असा आहे. दोन आणि तीन यांच्या वायरी उलटसुलट लागल्या तर एका सिलिंडरात हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत ओढले जात असतानाच ठिणगी पडते आणि कार्ब्युरेटरमधून उलटा फटका येतो. दुसऱ्यात जळका वायू बाहेर पडण्याच्या वेळी ती पडते, म्हणजे वाया जाते, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तेथे बार उडतो. म्हणून वायरी काढण्यापूर्वीच प्रत्येकीला कापडी पट्टीवर आकडा घालून ती चिकटवावी, आणि हाती मोबाईल असतोच तर उघडण्याआधी एक छायाचित्र घेऊन ठेवावे. नवीन प्लग हातातून खाली पडला असेल तर त्याची फट मिटलेली असू शकते, किंवा त्याच्या चिनीमातीला बारीक तडा गेलेला असू शकतो. ‘नवीन’ म्हणजे ‘निर्दोष’ असे समजून चालू नये.

लक्षणावरून जागा ओळखण्याची ही रीत इतर कामांनाही लागू पडते. किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन फिरतच नसेल, तर पेट्रोलाचा विचार करण्याचे कारण नाही. बॅटरीची टोके घट्ट आहेत काय आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टी परत जोडली काय, ते पाहावे. समुद्रकाठी ही पट्टी वरून शाबूत दिसते, पण बोल्टाखाली गंजलेली असते. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर ठिणगी, इंधन आणि हवा या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते क्रमाने तपासावे. हवेच्या फिल्टरचे काम केल्यावर इंजिन उगाच वेगाने फिरू लागले, किंवा त्याचा वेग वरखाली होऊन शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर एखादी बारीक रबरी नळी निसटून तेथून जादा हवा आत जात असते. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण तिने बिघडविलेले असते. पाणी आणि कूलंट बदलल्यावर इंजिन तापू लागले, तर आत हवा कोंडलेली असते किंवा पंख्याचा जोड लावायचा राहिलेला असतो.

तेल बदलल्यानंतरची एक चूक मात्र फार महाग पडते. जुन्या फिल्टरची रबरी कडी कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नव्या फिल्टरची दुसरी कडी बसली की तेथून दाबाखाली तेल बाहेर उडते. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही क्षणांत विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘म्हापशापर्यंत तरी जाऊ’ असा विचार करणाऱ्याचे इंजिन वाटेतच धरते, आणि वाचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो.

नव्या गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला आहे, आणि दोष आला की समोर एक पिवळा दिवा लागतो. लहानसे उपकरण जोडले की दोषाचा संकेतांकही वाचता येतो. परंतु त्या अंकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे, एवढेच. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, की ढिल्या जोडामुळे, हे तो सांगत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉइली आपसांत बदलून पाहाव्यात. दोष दुसऱ्या सिलिंडराकडे गेला तर दोषी कॉइल; पहिल्याकडेच राहिला तर शोध दुसरीकडे वळवावा. येथेही नियम तोच: एका वेळी एकच बदल, आणि तो कागदावर लिहिलेला. जुन्या गाडीत चालू इंजिनावर वायर काढून सिलिंडर पारखण्याची जी सवय होती, ती मात्र नव्या गाडीत सोडावी. तिच्यामुळे विजेचे नाजूक भाग आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर, दोन्ही बिघडू शकतात.

याहूनही मोठी गोष्ट जिवाची आहे. दोष शोधण्याच्या नादात माणूस दाराआड इंजिन चालू ठेवतो. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला हाक मारण्याचीही संधी देत नाही. म्हणून गाडी उघड्यावरच सुरू करावी. पेट्रोलाचा वास आला तर किल्लीला हात लावू नये. विजेचे काम करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. गाडी बंद असतानाही विजेचा पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून लुंगी, ओढणी, सैल बाही त्यापासून दूर ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी कधीही शिरू नये.

आणि काही कामे अशी आहेत की तेथे थांबणे हेच शहाणपण. टायमिंगचा पट्टा एक दात चुकून बसला तर गाडी निर्जीव होते. काही इंजिनांत पट्टा अधिक सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पट्टा बसविल्यावर क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे ज्याने पाहिले नाही, त्याने किल्ली फिरवू नये. त्या खुणा कोठे असतात हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तो पट्टा सोडवू नये.

अशा वेळी मिस्त्रीकडे जावे लागते, आणि तेथे एक संकोच आड येतो. आपण गाडी उघडली होती हे सांगायला मालकाला लाज वाटते. ‘काही केले नाही, आपोआपच बंद पडली’ असे तो सांगून टाकतो. त्या एका वाक्याने मिस्त्रीचा अर्धा दिवस फुकट जातो, कारण ज्या जागी प्रथम पाहायचे ती जागाच त्याच्यापासून लपविली जाते. वैद्यापुढे आणि मिस्त्रीपुढे काही लपवू नये. काय सोडविले, कोणत्या क्रमाने, आणि त्यानंतर काय झाले, एवढे चार ओळींत लिहून त्याच्या हाती द्यावे. मांद्र्यासारख्या गावात मोटार ही केवळ चैनीची वस्तू नसते. तिच्यावर कोणाची रोजी असते, आणि रात्री-अपरात्री शेजारच्या आजाऱ्याला म्हापशाच्या इस्पितळात पोहोचविण्याचा भारही तिच्यावरच पडतो. तिच्यावर पाना चालविणाऱ्याने आपल्या हातावर विश्वास जरूर ठेवावा; मात्र दोष उद्‌भवताच पहिली तपासणी त्या हाताच्या कामाचीच करावी.