गुणपत्रिकेतील न वाचलेली ओळ

(सिंधुदुर्गनगरी येथे पालक व शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावीच्या निकालादिवशी घरोघरी गणित-विज्ञानाचे आकडे वाचले जातात. त्याच गुणपत्रिकेत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ या विषयाचीही नोंद असते. तेथे गुण नसतात, केवळ श्रेणी असते. म्हणून ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने आघाडीवर आहे. हे यश भूषणावह आहेच. परंतु त्यासाठी मैदानाचा तास गणिताला दिला जात असेल, तर त्याची किंमतही मोजली पाहिजे.

येथे एक गल्लत होते. क्रीडास्पर्धा म्हणजेच शारीरिक शिक्षण नव्हे. स्पर्धेत चमकणाऱ्या खेळाडूला सवलतीचे गुण मिळतात आणि ते योग्यच आहे. पण ती सवलत मोजक्यांची. हा विषय मात्र सर्वांचा. संघात निवड न झालेल्या मुलाचा तो आहे आणि घरकामामुळे मैदान न लाभलेल्या मुलीचा तर सर्वांआधी. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या घरातील मुलाच्या अंगी बळ असतेच. तो भार कमरेवर न घेता पायांवर कसा तोलावा, श्रमानंतर नाडी पूर्ववत कशी होते, हे त्याला शाळेने शिकवावयाचे असते.

या विद्येची थोर परंपरा महाराष्ट्रात आहे. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा घेतली. शरीराचेही शास्त्र असते आणि ते अभ्यासाने साध्य होते, हा त्यांचा धडा होय.

अन्यत्र हा विषय परीक्षेतही मानाने बसला आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीत तो ऐच्छिक आहे; त्यात ७० गुण लेखी व ३० प्रात्यक्षिकाचे. इंग्लंडमधील सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत तो निवडणाऱ्यास शरीररचनेची उत्तरे लिहावी लागतात, शिवाय तीन क्रीडाप्रकारांत कौशल्य दाखवावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासेतर यांतील भिंत पाडण्यास सांगितले आहे.

मात्र गुणांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आज दिली जाणारी श्रेणी प्रामाणिक असली, तरी पुष्कळ साधेल. जूनमधील क्षमता आणि फेब्रुवारीतील क्षमता यांची प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवावी. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, त्याच्या स्वतःशीच करावी. कोकणच्या पावसात मैदान चिखलाने भरते, तेव्हा वर्गात आहार, प्रथमोपचार आणि श्वसन शिकवावे; पडवीत सूर्यनमस्कार घालावेत.

पालकसभेत ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला का?’ हा प्रश्न नेहमीच येतो. मैदानाचे किती तास प्रत्यक्षात झाले, हेही तेथे विचारले जावे. ज्या दिवशी तो प्रश्न येईल, त्या दिवसापासून ती न वाचलेली ओळ वाचली जाऊ लागेल.