डोकेदुखी, मान आणि भौतिकोपचार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



डोकेदुखीसारखा नित्याचा विषय आपण या व्याख्यानमालेत घेतलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. ज्या दुखण्याची घरात फारशी विचारपूस होत नाही आणि जे बहुधा एका गोळीवर भागविले जाते, असे हे दुखणे आहे.

त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. ताणजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते; माणूस त्रासतो, पण काम करीत राहतो. अर्धशिशीत, म्हणजेच मायग्रेनमध्ये, बहुधा एका बाजूस ठणका लागतो, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. उपचार न केल्यास हा झटका ४ ते ७२ तास टिकतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने अधिक आहे.

डोके दुखत असता मानेवर उपचार का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मानेच्या वरच्या भागातील तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहरा व कपाळाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकत्र येतात. त्यामुळे मानेतील वेदना कपाळावर किंवा डोळ्यामागे जाणवू शकते. मान पुढे झुकवून तासन्तास मोबाइल पाहणे, शिवणकाम वा हिशेब करणे यांनी हे स्नायू आखडतात.

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम मान व खांदे तपासतात, आखडलेले स्नायू हाताने सैल करतात आणि दुर्बल स्नायूंना व्यायाम देतात. त्यांतील एक व्यायाम असा : पाठीवर उताणे झोपावे. डोके न उचलता, होकार द्यावा तशी हनुवटी हळूच गळ्याकडे आणावी. १० सेकंद धरून सोडावी. असे १० वेळा करावे. वेदना झाल्यास थांबावे. याचे फळ एका दिवसात नव्हे, काही आठवड्यांच्या नियमाने मिळते.

ताणजन्य डोकेदुखीत याचा चांगला उपयोग होतो. अर्धशिशी मात्र मूलतः मेंदूचा विकार आहे. तेथे भौतिकोपचार हा औषधांना पूरक ठरतो, पर्याय नव्हे. नियमित चालण्याने झटके काहीसे विरळ होतात. पण झटका आलेला असताना व्यायाम करू नये, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी. अपुरी झोप, जेवणाची चुकलेली वेळ आणि उपवास यांनीही अनेकांना झटका येतो. अशा व्यक्तींनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके अथवा १० किंवा अधिक दिवस संयुक्त गोळ्या, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊ शकतात. यासाठी दुखण्याच्या आणि गोळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात व त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

केशकर्तनालयात मानेला झटका देऊन ती ‘मोडून’ घेऊ नये. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊ शकते. एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप व ताठरलेली मान, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे अथवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायामाचा विचार न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

घरातील स्त्री ‘नेहमीचेच आहे’ म्हणून डोक्याला रुमाल बांधते, तेव्हा ते नेहमीचे का झाले, एवढे आपण तिला विचारावे, हीच विनंती.