सूचीवेध आणि दमा



दमेकऱ्याच्या घरीं रात्र किती लांब असते, हें त्याच्या उशाशीं बसलेल्यांस सांगावयास नको. अशा वेळीं कोणीं कोणताही उपाय सुचविला तरी मन तिकडे धांव घेतें. सुया टोंचण्याचा चिनी उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, हा त्यांपैकींच एक होय.

चिनी वैद्यकाच्या मतें शरीरांत प्राणशक्तीचे मार्ग आहेत. फुप्फुसाचा मार्ग छातीच्या वरच्या भागीं निघून आंगठ्याच्या नखापाशीं संपतो. त्यावर प्रत्येक बाजूस ११ स्थानें मानलीं आहेत. मानेच्या मुळाशीं कण्यालगत ‘डिंगच्वान’ नांवाचें स्थान आहे. त्याचा अर्थच ‘धाप शमविणें’ असा. कलकत्त्यास ही विद्या रुजविणारे डॉ. विजयकुमार बसू हे १९३८ सालीं चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी होते.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं सुईनें श्वास खरोखर मोकळा होतो काय? खऱ्या सूचीवेधाच्या १२ परीक्षणांचा, म्हणजे ३५० रोग्यांचा, आढावा कोक्रेन मंडळानें २००४ सालीं घेतला. शिफारस करण्याजोगा पुरावा त्यांत मिळाला नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला प्रयोग तर फार बोधप्रद आहे. ४६ दमेकऱ्यांस आळीपाळीनें औषधाचा पंप, औषधाविरहित पंप व सुई टोंचल्याचा नुसता भास देण्यांत आला. एका पाळीस कांहींच दिलें नाहीं. औषधानें श्वासाचें माप सुमारें २० टक्के वाढलें, इतर तिन्ही पाळ्यांत सुमारें ७ टक्केच. परंतु ‘किती बरें वाटलें?’ असें विचारतां औषध, पोकळ पंप व खोटी सुई ह्या तिहींचें उत्तर जवळजवळ सारखेंच आलें!

बंधुभगिनींनो, बरें वाटणें ही तुच्छ गोष्ट नव्हे. परंतु बरें वाटत असतांही श्वासनलिका आकुंचित राहूं शकतात, आणि धोका आहे तो येथेंच. ज्यास सूचीवेध घ्यावयाचा असेल त्यानें तो जाणत्याकडूनच, नव्या निर्जंतुक सुईनें घ्यावा. छातींत खोल गेलेल्या सुईनें फुप्फुसास छिद्र पडल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. डॉक्टरांनीं दिलेलें औषध मात्र आपल्या मनानें सोडूं नये. आणि वाक्य पुरें बोलवेना, ओंठ निळसर पडूं लागले, तर एक क्षणही न दवडतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें.